सरकारनियुक्त जोशी

मद्रासच्या पेरांबूर भागातल्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक या गिरण्या बिन्नी कंपनीच्या. एप्रिल १९१८ मध्ये तिथल्या कामगारांनी ‘मद्रास लेबर युनियन’ काढली आणि अध्यक्ष म्हणून बहमन पेस्तनजी वाडिया यांना बसवले. वाडिया मूळचे मुंबईचे पारशी, ॲनी बेझंट यांच्या थिऑसॉफिकल मंडळींतले. दोन वर्षे संप आणि टाळेबंद्या यांत गेली. १९२० च्या अखेरीस पुन्हा टाळेबंदी झाली, तेव्हा कंपनीने वेगळी वाट धरली. पोलिसांऐवजी ती हायकोर्टात गेली. कामगारांनी आमच्याशी कामाचा करार केला आहे, तो मोडायला वाडिया आणि त्यांचे सहकारी त्यांना फूस लावत आहेत, असा तिचा दावा होता. कोर्टाने मनाईहुकूम दिला आणि नुकसानभरपाईची टांगती तलवार राहिली. शेवटी वाडियांनी कामगार चळवळीतून अंग काढून घ्यायचे कबूल केले, मग कंपनीने दावा मागे घेतला.

इंग्लंडात १९०६ च्या कायद्यानंतर अशा दाव्याला जागाच उरली नव्हती. म्हणजे लँकेशायरच्या गिरणीत संप करणाऱ्या पुढाऱ्याचा केसही वाकडा होत नव्हता आणि मद्रासच्या गिरणीत तेच करणाऱ्याच्या घरादारावर जप्ती येऊ शकत होती. मालकाची कातडी दोन्हीकडे गोरीच होती. हिंदुस्थानात संघटना काढायला बंदी नव्हती हे खरे, पण तिला कायद्याचे अस्तित्वही नव्हते. संप पुकारणे म्हणजे दिवाणी दृष्टीने नुकसान करणे आणि फौजदारी दृष्टीने कट करणे, असा अर्थ कोणताही हुशार बॅरिस्टर लावू शकत होता.

मद्रासचा निकाल ताजा होता. मार्च १९२१ मध्ये दिल्लीच्या नव्या कोऱ्या मध्यवर्ती विधिमंडळात एका सभासदाने ठराव मांडला: कामगार संघटनांच्या नोंदणीसाठी आणि संरक्षणासाठी सरकारने कायदा करावा. ठराव मंजूर झाला. मांडणारे होते नारायण मल्हार जोशी. त्या सभागृहाची जी काही आयुष्ये झाली ती सगळी या माणसाने पाहिली. १९२१ ते १९४७ एवढा काळ ते तिथे बसून होते आणि या सव्वीस वर्षांत त्यांना एकदाही कुणी निवडून दिले नाही.

जोशी १८७९ चे, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. हे माणगावजवळचे गोरेगाव, लोकलच्या वाटेवरचे नव्हे. पुण्यात शिक्षण, मग काही वर्षे मास्तरकी. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालये, परळच्या गिरणगावातले कामगारांचे वर्ग, हा त्यांचा उद्योग. भाषणाने सभा पेटवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मास्तर शेवटपर्यंत मास्तरच राहिले. माझ्या मते तेच त्यांचे भांडवल ठरले, आणि अडचणही.

ते सभागृह कसे होते तेही सांगितले पाहिजे. जवळपास १४५ सभासद. त्यांतले शंभरावर निवडून आलेले, बाकीचे सरकारने नेमलेले आणि नेमलेल्यांतले बहुतेक सरकारी अधिकारी. मताचा अधिकार प्राप्तिकर, जमीन, मालमत्ता यांवर बेतलेला. चाळीत एका खोलीत दहाजणांबरोबर पथारी टाकणाऱ्या साचेवाल्याला मत कुठून असणार? गिरणीमालकांना आणि व्यापाऱ्यांना मात्र स्वतःचे वेगळे मतदारसंघ होते. अहमदाबादच्या गिरणीवाल्यांतर्फे कस्तुरभाई लालभाई आले, मुंबईच्या गिरणीवाल्यांतर्फे सर व्हिक्टर ससून, पुढे सर होमी मोदी. कामगारांच्या वाट्याला काय, तर सरकारच्या मर्जीने भरायची एक जागा. त्या जागेवर जोशी.

साहजिकच त्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले जाई. राष्ट्रीय विचाराच्या मंडळींना ते सरकारचे दत्तक वाटत. सरकारला ते नेमलेले असूनही सरकारविरोधात बोलणारे वाटत. मालकांच्या दृष्टीने तर ते हाताबाहेरचे. कामगार पुढाऱ्यांतही कुरकुर होतीच. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तेव्हा हिंदी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठवले. परिषदेचा नियम असा, की प्रतिनिधी देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनेच्या संमतीने निवडावा. हिंदुस्थानात अशी संघटनाच नव्हती. मग ती काढायला हवी, हे सगळ्यांच्याच डोक्यात आले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस जन्माला आली. अध्यक्ष लाला लजपतराय, पुढाकार घेणाऱ्यांत काका बाप्टिस्टा आणि दिवाण चमनलाल. ‘आयटक’ नावाने आपण तिला ओळखतो. देशव्यापी संप करायला म्हणूनच नव्हे, तर प्रतिनिधी कोण पाठवणार या प्रश्नातूनही ती निघाली, ही गोष्ट तिच्या गौरवग्रंथांत जरा खालच्या आवाजात सांगितली जाते.

कामाची रीत साधारण अशी. संघटनांचे ठराव आणि तक्रारी मुंबईत जोशींकडे यायच्या. त्यांतून ते प्रश्न तयार करायचे. अमुक खाणीत किती बायका जमिनीखाली काम करतात, अमुक रेल्वेत किती जणांना कामावरून काढले, प्रांतिक सरकारने काय चौकशी केली. सरकारला लेखी उत्तर द्यावे लागे. उत्तरात आकडा आला की पुढच्या अधिवेशनात तो आकडा भाषणात. हिवाळ्यात दिल्ली, पावसाळ्यात सिमला. विधेयक आले की आधी ते प्रांतिक सरकारांच्या अभिप्रायासाठी फिरायचे, म्हणजे प्रत्यक्षात मालकांच्या मंडळांकडे जायचे, आणि वर्षाने परत यायचे तेव्हा त्याचे दात उपटलेले असायचे. मग निवड समितीत बसून एकेक दात पुन्हा बसवायचा प्रयत्न. मतदानात हरायचे. पुन्हा पुढच्या वर्षी.

पहिले फळ वॉशिंग्टनच्या परिषदेतूनच आले. तिथल्या कराराने जगाला आठवड्याचे ४८ तास ठरवले, हिंदुस्थानला मात्र सवलत म्हणून ६०. सवलत मालकांना, हे सांगायला नको. तरी १९११ च्या कायद्यात कापडगिरणीतल्या पुरुषांना दिवसाचे बारा तास होते. १९२२ च्या दुरुस्तीने ते अकरावर आणि आठवड्याला साठवर आले, आणि बारा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घ्यायला बंदी झाली.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. त्याआधी पट्ट्यात हात सापडला तर जॉबर, म्हणजे मुकादम, दोन-पाच रुपये हातावर ठेवायचा आणि गाडीभाडे देऊन गावी धाडायचा. आता कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट आले. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची ताकद सत्तर टक्के गेली असे धरायचे, डावा गेला तर साठ टक्के. एक डोळा तीस टक्के. अंगठा पंचवीस. तर्जनी दहा. बाकीचे कोणतेही बोट पाच. कायमचा पूर्ण निकामी झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते. म्हणजे महिना तीस रुपये मिळवणाऱ्या कामगाराची तर्जनी एकशे सव्वीस रुपयांची आणि अंगठा तीनशे पंधरांचा. वाचताना अंगावर काटा येतो खरा. पण ज्याच्या बोटाची किंमत आजवर शून्य होती, त्याला हा तक्ता क्रूर वाटला नसेल. मेलेल्याच्या बायकोला पहिल्यांदाच मालकाच्या दयेवर न राहता हक्काने मागता येणार होते. तीस महिन्यांचा पगार, कमाल अडीच हजार.

यानंतर जोशींनी स्वतःचे विधेयक आणले आणि तिथे ते सपशेल आपटले. १९२४ मध्ये त्यांनी मांडलेली योजना अशी होती, की कारखाने, खाणी आणि चहाच्या मळ्यांतल्या बाळंतिणींना प्रसूतीच्या आधी आणि नंतर काही आठवडे कामावर घेऊ नये, आणि त्या काळात त्यांना काही भत्ता द्यावा. सरकारने विरोध केला आणि १९२५ मध्ये विधेयक पडले. बायका प्रसूतीला गावीच जातात, कायद्याची गरज काय, ही धाटणी त्या काळच्या सरकारी कागदांत वारंवार दिसते. दिल्लीत हरलेला हा मुद्दा मुंबईत जिंकला गेला. मुंबईच्या कायदेकौन्सिलात आसवले यांनी प्रसूती भत्त्याचे विधेयक आणले, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्याला जोरदार पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. सगळ्या देशासाठी असा कायदा व्हायला १९६१ उजाडले.

मालकांची कामे मात्र कशी होत, त्याचा नमुना जोशींचे विधेयक पडले त्याच वर्षी मुंबईने पाहिला. देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी होती, लँकेशायरच्या भल्यासाठी बसवलेली. ती उठवावी म्हणून गिरणीमालक बरीच वर्षे भांडत होते, आणि या बाबतीत त्यांची बाजू न्यायाची होती. १९२५ मध्ये मंदी आली तेव्हा मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. संप सुरू झाला. मालक म्हणाले, सरकारने अबकारी उठवली तर कपात मागे घेऊ. दोन-अडीच महिने कामगार उपाशी राहिले. १ डिसेंबरला व्हाइसरॉयने अबकारी स्थगित केली, कपात मागे आली, गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. कामगारांच्या उपासमारीवर मालकांची तीस वर्षांची मागणी मान्य झाली. कामगारांना मिळाले काय, तर जे आधीपासून होते तेच. त्या संपातून जानेवारी १९२६ मध्ये ‘बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन’ उभी राहिली आणि जोशी तिचे अध्यक्ष झाले.

मद्रासच्या दाव्यावर त्यांनी मागितलेला कायदा अखेर मार्च १९२६ मध्ये झाला आणि १ जून १९२७ पासून अमलात आला. सात माणसांनी अर्ज केला की संघटनेची नोंदणी. नोंदलेल्या संघटनेच्या पुढाऱ्यांवर संपासाठी फौजदारी कटाचा खटला नाही, करार मोडायला लावला म्हणून दिवाणी दावाही नाही. पदाधिकाऱ्यांतले निदान निम्मे त्या धंद्यात काम करणारे हवेत. ही अट दिसायला रास्त, पण जो कामगार पुढारी होई त्याला दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारातून परत पाठवत, म्हणून बाहेरच्या वकील-मास्तरांशिवाय चालत नव्हते. उरलेल्या निम्म्यांत ते मावले. राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवायची मुभा मिळाली. एक गोष्ट मात्र कायद्यात नव्हती: मालकाने संघटनेशी बोलणी केलीच पाहिजेत, असे कुठेही लिहिले नव्हते. नोंदणी होती, मान्यता नव्हती. मालकाने संघटनेचे पत्र न उघडता परत धाडले तरी कायदा मोडत नव्हता.

मग १९२८ आले. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद. दीड लाखाच्या आसपास माणसे बाहेर. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात वाढली. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर हे शहरी पुढारी आणि अळवे, कासले हे गिरणीतूनच आलेले. संयुक्त संप समितीत जोशींची मवाळ मंडळीही त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली. मास्तरांचे आणि लाल बावट्याचे एकमेकांवाचून चालत नव्हते, हे दोघांपैकी कुणी फारसे कबूल करत नसे. पण सिमल्यात जोशी उभे राहिले की मालकांचे प्रतिनिधी कान देत, ते त्यांच्या आकड्यांमुळे थोडे आणि परळच्या मैदानातल्या सभांमुळे जास्त.

सरकारनेही कान दिला, पण वेगळ्या कारणाने. औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले. तंटा सोडवायला चौकशी न्यायालये आणि समेट मंडळे, हा गोड भाग. कडू भाग असा, की रेल्वे, टपाल, पाणी, वीज अशा लोकोपयोगी सेवांत चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय संप गुन्हा, आणि आपल्या धंद्यापलीकडच्या कारणासाठी, सरकारला नमवण्यासाठी केलेला संप बेकायदा. जोशी आणि चमनलाल यांनी कलमाकलमाला विरोध केला. २० मार्च १९२९ ला मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत छापे पडले आणि कम्युनिस्ट पुढारी पकडून मेरठला नेले. विधेयकावर भांडायला आता बाहेर कुणी उरले नव्हते. ८ एप्रिलला ते मंजूर झाले. मतांची मोजणी झाली, अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल दुसऱ्या एका विधेयकाबद्दल निर्णय द्यायला उठले, आणि प्रेक्षकांच्या सज्जातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले. आपल्या सगळ्यांना तो दिवस बाँबसाठी ठाऊक आहे. काही क्षण आधी सभागृहाने कोणता कायदा केला होता, हे शाळेच्या पुस्तकातही एका ओळीपलीकडे येत नाही.

त्याच वर्षी सरकारने कामगारांच्या स्थितीसाठी शाही आयोग नेमला. अध्यक्ष जे. एच. व्हिटली, पूर्वी ब्रिटिश पार्लमेंटचे सभापती. सभासदांत श्रीनिवास शास्त्री, घनश्यामदास बिर्ला, सर व्हिक्टर ससून आणि कामगारांतर्फे जोशी व चमनलाल. देशात सायमन आयोगावरचा बहिष्कार ताजा असताना आणखी एका गोऱ्या आयोगात बसायचे? नोव्हेंबरअखेरीस नागपूरला आयटकचे अधिवेशन भरले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. डाव्यांनी व्हिटली आयोगावर बहिष्काराचा ठराव करून घेतला. संघटनेचा सरचिटणीस आयोगाचा सभासद आणि संघटनेचा ठराव आयोगावर बहिष्काराचा, असा पेच पडला. जोशी आयोगात राहिले आणि संघटनेतून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर व्ही. व्ही. गिरी आणि बरेच मवाळ गेले. आयटक फुटली. डाव्यांनी त्यांना सरकारचे बगलबच्चे म्हटले. त्यांनी डाव्यांना पोरकट म्हटले. फुटीचा फायदा ज्यांना व्हायचा त्यांना झाला.

व्हिटली अहवाल १९३१ मध्ये आला. राजकारणाच्या धामधुमीत तो कुणी उघडला नाही, पण पुढच्या पंधरा वर्षांचे कामगार कायदे त्यातूनच निघाले. १९३४ मध्ये आठवड्याचे तास साठांवरून ५४ झाले. १९३६ चा पगाराचा कायदा तर गिरणगावच्या रोजच्या छळावरच बोट ठेवणारा. त्याआधी पगार महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी होई, तोवर पठाणाचे व्याज चढत राही. एक दिवस न सांगता गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापत. त्याला ‘डबल खाडा’ म्हणत. विणताना कापडाला डाग पडला तर ते कापड विणकराच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून वळती करत. दंड किती करायचा याला धरबंध नव्हता. नव्या कायद्याने महिना संपल्यावर सात दिवसांत, मोठ्या कारखान्यात दहा दिवसांत पगार, आणि दंड रुपयाला अर्ध्या आण्याहून जास्त नाही, तोही कामगारांच्याच निधीत जाईल असे ठरवले. पंधरा वर्षांखालच्या मुलाला दंडच नाही. अर्धा आणा! लाखभर माणसांच्या संपांतून, आयोगांतून, अधिवेशनांतून जे निघाले ते रुपयामागे अर्ध्या आण्यावर येऊन थांबले. पण पगाराच्या दिवशी खिडकीपाशी उभे राहणाऱ्याला विचारा.

१९४० पर्यंत आयटकची फूट सांधली गेली आणि जोशी पुन्हा सरचिटणीस झाले. जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीत मजूर सभासद म्हणून गेले. सरकार, मालक आणि कामगार यांची एकत्र परिषद भरू लागली. जोशींना बोलायला आता समोर असा माणूस होता, ज्याने गिरणगावच्या चाळीत बरीच वर्षे काढली होती. सगळे गोडीगुलाबीचे नव्हते. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये बायकांना खाणीत जमिनीखाली पाठवण्यावरची बंदी उठवली गेली. ती उठवणारे खाते आंबेडकरांचे होते आणि त्यावर सभागृहात टीका झाली. बंदी पुन्हा यायला १९४६ उजाडले. त्याच वर्षी कारखान्यांचे तास ५४ वरून ४८ झाले, आंबेडकरांनी आणलेल्या विधेयकाने. वॉशिंग्टनने १९१९ मध्ये जगासाठी ठरवलेला आकडा हिंदुस्थानात पोचायला सत्तावीस वर्षे लागली, आणि साठ, चोपन्न, अठ्ठेचाळीस या तिन्ही वेळी जोशी त्याच सभागृहात बसलेले होते.

उरली होती मान्यता. १९२६ च्या कायद्यातली ती रिकामी जागा भरायला आंबेडकरांनी १९४३ मध्ये दुरुस्ती विधेयक मांडले: ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या संघटनेला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे. मालकांनी विरोध केला. विधेयक फिरले, परत आले, १९४६ मध्ये पुन्हा आले. ऑगस्ट १९४७ मध्ये जुने विधिमंडळ संपले आणि जोशींची नेमणूकही. त्या वर्षाच्या अखेरीस स्वतंत्र हिंदुस्थानच्या कायदेमंडळाने ही दुरुस्ती मंजूर केली. कायदा कोणत्या तारखेपासून अमलात येईल ते सरकार राजपत्रात जाहीर करेल, असे त्यात लिहिले होते. ती तारीख कधीच जाहीर झाली नाही. १९५५ मध्ये जोशी वारले तेव्हाही नाही.

मुंबईत मान्यता आली ती दिल्लीच्या कायद्याने नव्हे, तर १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने, आणि भलत्याच रूपात. एका धंद्यात एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना. बोलायचे तर तिनेच. कापडगिरण्यांत ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेले आणि तिथेच राहिले, कामगार कुणाच्याही मागे असोत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. पगारवाढीबरोबर त्यांची दुसरी मागणी होती, मान्यतेचा तो कायदा रद्द करा. संपाच्या सभा आणि मोर्चे ज्या रस्त्यांवरून गेले त्यांत लोअर परळचा जुना डिलाइल रोडही होता. पालिकेने त्याला ना. म. जोशी मार्ग असे नाव दिले आहे.